चार वर्षांचं संमतीपत्र

बारावीच्या अर्थशास्त्रात सार्वजनिक खर्चाचा धडा आला की मी फळ्याच्या मधोमध एक उभी रेघ मारायचे. डावीकडे उत्पादक खर्च, उजवीकडे अनुत्पादक. डावीकडे रस्ते, धरणं, शाळा, दवाखाने. उजवीकडे कर्जावरचं व्याज, युद्ध, संरक्षण. मुलं मान खाली घालून उतरवून घ्यायची. मानपाड्याजवळच्या एका ज्युनियर कॉलेजात तीसेक वर्षं मी हे केलं, तेही बहुतेक वेळा खिडक्या बंद करून, कारण दुपारी एमआयडीसीच्या बाजूने वारा आला की निम्मा वर्ग नाकाला रुमाल लावून बसायचा. हात इतका बसला होता की मुलांकडे बघत बोलता बोलता ती रेघ खालपर्यंत सरळ यायची. मला त्याचा गर्व होता. आता मी निवृत्त झाले आहे, पेन्शन सुरू झाली आहे, आणि त्या रेघेबद्दल कुणाशी तरी बोलायला हवं असं सारखं वाटतं.

माझा स्वभाव वादाचा. कुणी 'असंच असतं हो' म्हटलं की माझं डोकं फिरतं. शिवाय मला एका जागी बसून विचार करता येत नाही, चालावं लागतं. डोंबिवलीतलं माझं घर एका खोलीचं आणि स्वयंपाकघराचं, त्यामुळे गॅलरीपासून मोरीपर्यंत येरझारा घालायच्या. खालच्या मजल्यावरच्या बाईंनी एकदा विचारलंही होतं, की मॅडम, तुमच्याकडे पाहुणे आलेत का, फार वर्दळ ऐकू येते. वर्दळ माझ्या एकटीचीच होती. लग्न मी केलं नाही, त्याचीही कारणं वादावादीचीच होती, पण तो विषय इथला नाही.

माझा धाकटा भाऊ कल्याण पूर्वेला राहतो, चाळीत, दोन खोल्यांत. तो मानपाड्याच्या एका केमिकल कंपनीत कॉन्ट्रॅक्टवर आहे. कॉन्ट्रॅक्ट अकरा महिन्यांचं, मग काही दिवस घरी, मग पुन्हा नवं. लहानपणापासून त्याने एक ठरवून टाकलं आहे की कागद दिसला की तो ताईकडे न्यायचा. रेशन कार्ड, विमा, शाळेचा दाखला, सगळं माझ्याकडे. ताई शिकलेली आहे, ताई सांगेल. हे ऐकायला मला आवडत आलं आहे, खोटं कशाला बोलू.

त्याची मुलगी, माझी भाची, पाचवीपासून दर रविवारी वही घेऊन माझ्याकडे यायची. मी लाल पेन घेऊन बसायचे. आधी व्याख्या लिही, मग मुद्दे, मग समारोप. डावीकडे समास सोड, पट्टीने. समास नसलेली वही मी तपासत नसे. ती रडली तरी मी ऐकलं नाही, आणि बारावीपर्यंत तिचं अक्षर असं झालं की कुणीही म्हणावं, हे माझंच आहे. ती बी.ए. करेल, एम.ए. करेल, स्पर्धा परीक्षा देईल, असं सगळं मी परस्पर ठरवून टाकलं होतं. बारावीचा निकाल लागल्यावर ती आली आणि म्हणाली की तिने खडवलीला सैन्यभरतीची तयारी करून घेणाऱ्या अकॅडमीत नाव घातलंय, आणि सोमवार ते शनिवार ती तिथेच राहणार आहे. मुलींची भरती निघणार होती. चार वर्षांची.

ही चार वर्षांची भरती आता सगळ्यांना माहीत आहे. चार वर्षं नोकरी, मग थोड्यांना पुढे ठेवणार, बाकीच्यांना एकरकमी पैसे देऊन घरी. पेन्शन नाही. ती का आणली यावर पेपरांतून खूप लिहून आलं, पण अर्थशास्त्र शिकवणाऱ्या बाईला ते कुणी सांगावं लागत नाही. सैन्याच्या खर्चात पगार आणि पेन्शन यांचा वाटा फुगत गेला की नव्या यंत्रांना, शस्त्रांना उरतं कमी, आणि सरकार तर आधीच कर्ज काढून चाललेलं.

मैदानी चाचणीच्या आधी अकॅडमीने सगळ्यांकडून कागद मागवले. भाचीला अठरा पूर्ण व्हायला काही महिने होते, म्हणून तिला आईवडिलांचं संमतीपत्र लागणार होतं. भाऊ नमुन्यावरून लिहून काढलेला कागद घेऊन माझ्याकडे आला आणि विचारलं, करू का सही. मी त्याला चहाही न विचारता अर्धा तास बोलले. ही फसवणूक आहे, म्हटलं. ऐन उमेदीची चार वर्षं घेतात आणि बाविसाव्या वर्षी रस्त्यावर सोडतात. पोरगी तेव्हा काय करणार, कुठल्यातरी मॉलच्या दारात उभी राहणार? आपल्या आजोबांच्या वेळची पलटण वेगळी होती. त्याने सगळं ऐकून घेतलं, कागदाची घडी खिशात घातली आणि घरी जाऊन सांगितलं, ताई नको म्हणते. आमच्या घरात एवढं पुरतं.

त्याच महिन्यात मला ठाण्याहून फोन आला. टेंभी नाक्यापासून पाच मिनिटांवर एक सभागृह आहे, तिथे हिवाळ्यात व्याख्यानमाला होते. त्या वर्षी एक संध्याकाळ परिसंवादाची होती: देशावरचं कर्ज आणि संरक्षणखर्चातली कपात. विरुद्ध बाजूने एक निवृत्त लष्करी अधिकारी बोलणार होते, आणि मी कपातीच्या बाजूने बोलावं अशी आयोजकांची इच्छा होती. मी इतकी हरखले की निमंत्रणपत्रिका घरच्या ग्रुपवर टाकली. माझ्या भाषणांना घरचं कुणी कधी आलेलं नव्हतं, त्यामुळे ती टाकण्यात काही धोका आहे असं डोक्यातही आलं नाही.

पंधरा दिवस मी गॅलरी ते मोरी चालत भाषण पाठ केलं. अर्थसंकल्पाचे कागद काढले, टिपणं केली. आज मागे वळून बघताना मला एकाच गोष्टीचं नवल वाटतं. त्या पंधरा दिवसांत, त्याच खोलीत, जिथे उभी राहून मी भावाला 'फसवणूक' म्हटलं होतं, तिथेच उभी राहून मी त्याच भरतीचं समर्थन पाठ करत होते, आणि मला एकदाही अडखळायला झालं नाही. वर त्याच आठवड्यात कॉलेजात जुन्या पेन्शनसाठी काळ्या फिती लावल्या होत्या. मला स्वतःला जुनी पेन्शन लागू होती, मी वेळेत लागले होते. पण नंतर लागलेल्या माझ्या तरुण सहकाऱ्यांना ती नव्हती आणि त्यांच्यासाठी मी सगळ्यांत पुढे उभी होते. त्याचाही फोटो मी ग्रुपवर टाकला होता.

रविवार असल्याने सभागृह चांगलं भरलं होतं. पुढच्या रांगांत मफलर आणि कानटोप्या. अधिकारी आधी बोलले, आणि चांगलं बोलले, ते मान्य करायला हवं. आरडाओरडा नाही, शेजाऱ्यांच्या नावाने बोटं मोडणं नाही. सीमेवरची थंडी, तुटपुंजी साधनं, आणि खर्च कापायचा म्हटलं की सगळ्यांचा हात आधी शिपायाकडेच का जातो, असा साधा प्रश्न. लोकांनी मनापासून टाळ्या दिल्या. मग माझं नाव पुकारलं.

मीही चांगलं बोलले. देश कर्जाचं व्याज फेडायला पुन्हा कर्ज काढतो तेव्हा काय होतं ते मी घरखर्चाच्या भाषेत सांगितलं. व्याज भागवून उरलेल्या पैशांत शाळा, दवाखाने आणि सैन्य यांची ओढाताण कशी होते ते सांगितलं. सैन्य नको असं मी म्हणत नाही, म्हटलं, पण ज्या सैन्याचा पैसा नव्या साधनांपेक्षा जुन्या पेन्शनींवर जास्त जातो ते सैन्य स्वतःच कमकुवत होतं. आणि शेवटी, आवाज थोडा खाली आणून, माझं पाठ केलेलं वाक्य: चार वर्षांची भरती कुणाला आवडो न आवडो, या कर्जातून बाहेर पडायच्या वाटेवरचं ते योग्य पाऊल आहे. टाळ्या मलाही मिळाल्या. कानटोप्यांतल्या एका आजोबांनी मान डोलावली ती मला अजून दिसते.

त्या व्याख्यानमालेत प्रश्न चिठ्ठीवर लिहून द्यायची पद्धत होती. स्वयंसेवक चिठ्ठ्या गोळा करायचे, अध्यक्ष त्या मोठ्याने वाचायचे आणि ज्या वक्त्यासाठी प्रश्न असेल त्याच्यापुढे सरकवायचे. तीन-चार चिठ्ठ्या झाल्या. मग अध्यक्षांनी चष्मा सारखा केला आणि वाचलं, "वक्त्यांनी चार वर्षांची भरती योग्य आहे असं सांगितलं. हेच त्या आपल्या घरीही सांगतात का?" सभागृहात थोडं हसू पसरलं. चिठ्ठी माझ्यापुढे आली. तळहाताएवढा कागद, आणि त्यावर डावीकडे समास सोडलेला होता.

अक्षर बघायचीही गरज नव्हती. मी मान वर केली. मागून तिसऱ्या रांगेच्या टोकाला, दाराजवळ, अकॅडमीच्या निळ्या ट्रॅकपँटमध्ये भाची बसली होती. मांडीवर वही होती.

खरं उत्तर द्यायला एक शब्द पुरला असता. पण माईक समोर असला की माझ्यातली शिकवणारी बाई जागी होते. मी म्हणाले, "धोरणाचा विचार करताना आपलं घर बाजूला ठेवावं लागतं. अर्थशास्त्र भावनेवर चालत नाही." पुन्हा टाळ्या. अधिकारी माझ्याकडे बघून किंचित हसले. भाची टाळ्या वाजवत नव्हती. तिने माझं उत्तर वहीत लिहून घेतलं, जसं मी तिला शिकवलं होतं तसं, आणि पेनाचं टोपण लावलं.

परतीला आयोजकांनी गाडी दिली होती. शाल, नारळ आणि गुच्छ घेऊन मी मागे बसले, भाची माझ्या शेजारी. ड्रायव्हर अनोळखी, त्यामुळे मुंब्र्याचा बायपास संपेपर्यंत आम्ही दोघी आपापल्या खिडकीबाहेर बघत होतो. शिळफाट्याला गाड्या तुंबल्या होत्या. अर्धा तास गाडी जागची हलली नाही. नारळ सारखा माझ्या मांडीवरून घरंगळायचा, मी तो सारखा उचलून ठेवायचे. शेवटी भाचीनेच तो घेतला आणि पायाशी ठेवला. मग ती बोलली, अजिबात न चिडता.

"आत्या, पप्पांना तू बोललीस ही फसवणूक आहे. हॉलमध्ये बोललीस हे योग्य आहे. दोन्हीतलं एक खोटं आहे ना. कुठलं ते तू ठरव, मी त्याप्रमाणे करते."

मी तिला समजावायला लागले. देशाचं गणित वेगळं, घराचं गणित वेगळं. एका माणसासाठी जे तोट्याचं ते सगळ्यांसाठी फायद्याचं असू शकतं, हे तर पहिल्याच धड्यात शिकवलं होतं मी तुला. ती म्हणाली, "मी पण सगळ्यांतच येते ना पण." मग थोड्या वेळाने तिने काळ्या फितीच्या फोटोचा विषय काढला. कॉलेजच्या सरांना पेन्शन पाहिजे आणि माझ्यासोबत पळणाऱ्या पोरींना नको, हे कसं, एवढंच तिने विचारलं. टोमणा नव्हता. तिला खरंच उत्तर हवं होतं. पुढच्या सोमवारी संमतीपत्र अकॅडमीत द्यायचंय, नाहीतर या वेळची चाचणी गेली, असं ती म्हणाली आणि खिडकीला डोकं टेकून झोपली. सकाळी पाचला उठणारी पोरगी, ती कुठेही झोपायची.

पुढचे काही दिवस माझे फार वाईट गेले. मी कपाट काढून पुन्हा लावलं. पंखे पुसले. पेपर तपासायला बसले तर एकाच उत्तराला दोनदा गुण दिले. रागही आला, आणि तो आधी तिचाच आला. एवढी वर्षं हिला शिकवलं, आणि तिने मला भर सभेत पकडावं? मग अधिकाऱ्यांचा आला, ते हसले म्हणून. हे राग फार टिकले नाहीत. शेवटी उरला तो माझा स्वतःचा.

गुरुवारी वर्गात नेमका तोच धडा उजळणीला होता. मी बोलता बोलता रेघ मारली आणि मागे मुलं खुदखुदली. वळून पाहिलं तर रेघ खाली येताना वाकडी जाऊन थेट 'शाळा' या शब्दातून गेली होती. मी ती पुसली, पुन्हा मारली, आणि खडू हातात धरून तशीच उभी राहिले. मला आमचे आजोबा आठवले.

आजोबा पलटणीत शिपाई होते. मी त्यांना पाहिलं ते म्हातारपणी, पेन्शनवर असताना. महिन्यातून एकदा ते धुतलेला सदरा घालून पेन्शन आणायला जायचे आणि येताना शेव-चिवडा आणायचे. गावात आमच्या लोकांना विहिरीवर चढू न देण्याचे दिवस होते ते, आणि आजोबांच्या घरात दर महिन्याला सरकारचे पैसे यायचे. त्या पेन्शनवर त्यांनी वडिलांना शहरात बोर्डिंगमध्ये ठेवलं. वडिलांना पोस्टात नोकरी लागली. म्हणून मी एम.ए. झाले, म्हणून आज या फळ्यासमोर उभी होते. आजोबांची पेन्शन रेघेच्या कुठल्या बाजूला लिहायची? तीस वर्षं मी ती न विचारता उजवीकडे लिहीत आले होते, कर्जावरच्या व्याजाखाली. भाषणात मी आजोबांचं नावही काढलं नाही. अधिकाऱ्यांनी शिपायाबद्दल विचारलं तेव्हा ते मला आठवलेही नाहीत. मला वर्गातच लाज वाटली. तास संपायच्या आधी मी मुलांना सोडून दिलं.

शनिवारी पहाटेच मी खडवलीला गेले. तिथे जाऊन काय करायचं हे ठरलेलं नव्हतं, पण घरात थांबवत नव्हतं. स्टेशनबाहेर चहावाल्याला विचारलं, तो म्हणाला, पळणारी पोरं ना, नदीकडच्या रस्त्याने जा. गारठा होता. रस्त्याच्या कडेला चुन्याच्या खुणा केलेल्या होत्या आणि मुलं-मुली वाफा सोडत घोळक्याने उभी होती. अकॅडमी चालवणारे सुभेदार, पंधरा वर्षांपूर्वी निवृत्त झालेले, हातात घड्याळ आणि गळ्यात शिट्टी घालून उभे होते. कोणाच्या पालक, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, आत्या. त्यांनी मान हलवली आणि खुर्ची मागवली. मी बसले नाही.

मुलींची पळण्याची पाळी आली. भाचीने मला पाहिलं, ओळख दाखवली नाही, खुणेवर जाऊन उभी राहिली. शिट्टी झाली. पहिल्या फेरीत ती मागे होती. दुसऱ्या फेरीत तिचा चेहरा पार बदलला, तोंड वाकडं, मान ताठ, जणू ती कधी माझ्यासमोर वही घेऊन बसलीच नसावी. ती चौथी आली. गुडघ्यांवर हात ठेवून रस्त्याच्या कडेला वाकली आणि कितीतरी वेळ तशीच उभी राहिली.

मी सुभेदारांना विचारलं, की तुम्हाला चार वर्षांनी परत पाठवलं असतं, पेन्शनही दिली नसती, तर तुम्ही गेला असता का. त्यांना हा प्रश्न नवा नसावा. ते घड्याळाकडेच बघत म्हणाले, "मी भरती झालो तेव्हा मला पेन्शन म्हणजे काय तेच माहीत नव्हतं, मॅडम. आईला माहीत होतं. म्हणून तिने मला जाऊ दिलं." मी विचारलं, आणि आता? ते म्हणाले, "आता पोरांना सगळंच माहीत असतं. तरी येतात." मग मुलांची पाळी होती, त्यांनी शिट्टी तोंडात घातली.

परत येताना ते 'सगळंच माहीत असतं' माझा पिच्छा सोडेना. ज्याला माहीत नसतं त्याची फसवणूक होते. या मुलीला तर व्याज, कर्ज, पेन्शनचा बोजा, सगळं मीच शिकवलेलं होतं, लाल पेनाने. तिला चौथ्या वर्षी काय होणार हे माझ्याइतकंच ठाऊक होतं. मग मी भावाकडे 'फसवणूक, फसवणूक' करत होते ते कुणाबद्दल? तिला कुणी फसवू नये अशी माझी धडपड नव्हतीच. मला भीती वाटत होती, एवढं साधं होतं ते. तिचं काय होईल याची भीती, आणि ती माझ्या हातातून जाईल याची. ही दुसरी भीती जास्त होती.

रविवारी दुपारी मी कल्याणला भावाकडे गेले. भावजयीने पाट मांडले होते, आम्ही जेवलो. भाची सुट्टीला आलेली. भिंतीवर तथागतांची तसबीर, तिच्याखाली पलटणीच्या वेषातला आजोबांचा फोटो, जो मी वर्षानुवर्षं पाहत आले आणि जो मला आता नीट बघवेना. जेवण झाल्यावर मी भावाला म्हटलं, तो कागद काढ. तो माझ्याकडे बघत राहिला. भाचीने हातातलं भांडं खाली ठेवलं.

मी तिला म्हणाले, "तू विचारलं होतंस ना, कुठलं खोटं. हॉलमधलं खोटं नव्हतं. खर्च कमी व्हायला पाहिजे असं मला आजही वाटतं. फक्त तो आपल्या घरातून कमी होऊ नये, एवढंच मला पाहिजे होतं. दुसऱ्यांच्या घरातून झालेला मला चालत होता. हे मी तिथे बोलले नाही."

"बोलायला पाहिजे होतंस," ती म्हणाली.

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार.

भावाने खिशातून कागद काढला. एवढे दिवस तो त्याच्या खिशातच होता, घड्या मऊ झाल्या होत्या. मी त्याला म्हटलं, तुला काय वाटतं ते मी तेव्हा विचारलंच नाही, आता सांग. त्याने कागद मांडीवर सरळ केला. "माझं अकरा महिन्यांचं असतं, ताई," तो म्हणाला. "तिचं चार वर्षांचं आहे." तो हे कडवटपणे बोलला नाही, मुलीच्या बाबतीत एक चांगली गोष्ट सांगावी तसं बोलला. इतकी वर्षं त्याच्या कॉन्ट्रॅक्टचे कागद मीच वाचून दिले होते, आणि चार वर्षं हे त्याला लांबलचक वाटत असेल हे मला सुचलं नव्हतं.

त्याने सही केली, सावकाश, जशी तो नेहमी करतो. भावजयीने केली. मग भाचीने कागद माझ्याकडे सरकवला. खाली साक्षीदारासाठी एक जागा होती. तिने ती शेजारच्यांसाठी न ठेवता माझ्यासाठी ठेवली होती, तिथे पेन्सिलीने बारीक फुलीही केली होती.

संमतीपत्राचा मजकूर तिने स्वतःच्या हाताने लिहिला होता. डावीकडे समास, पट्टीने. शेवटचं वाक्य तिचं स्वतःचं होतं: चार वर्षांनंतर सेवेत ठेवण्याची अथवा पेन्शनची कोणतीही हमी नाही, हे मला पूर्णपणे माहीत आहे आणि मी स्वतःच्या इच्छेने जात आहे. मी पेन हातात घेऊन ते वाचलं. सवयीने पुन्हा वाचलं, प्रत्येक शब्दाखाली पेन फिरवत, जशी दर रविवारी तिची वही वाचायचे. त्यात दुरुस्त करण्यासारखं काहीच नव्हतं. मी खाली सही केली.